द्राक्षाचा मणी शून्य अंशावर आणताना

पॅकहाऊसमध्ये सुईचा थर्मामीटर दिवसभर हातात असतो. घडाच्या मधल्या भागातला एक मणी निवडायचा, देठाच्या बाजूने सुई आत सारायची, टोक मण्याच्या मध्यावर आलं की थांबायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत पंधरा-वीस सेकंद हात हलवायचा नाही. फेब्रुवारीत बागेत सकाळी नऊला हा आकडा १७-१८ असतो. त्याच बागेत, त्याच वेलीवर, दुपारी एकला तो २८ ते ३० होतो. कंटेनरचं दार बंद करताना तो ०.५ च्या आत हवा. मधल्या चोवीस-तीस तासांत तो किती लवकर खाली आला आणि खाली आल्यावर पुन्हा किती वेळा वर चढला, यावर महिन्याभराने युरोपात पेटी उघडल्यावर काय दिसणार हे ठरतं. माल एकदा जहाजावर चढला की कुणाच्याच हातात काही उरत नाही.

खाली दिलंय ते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातून समुद्रमार्गे रॉटरडॅमला जाणाऱ्या पांढऱ्या थॉमसन द्राक्षांचं. पॅकिंग ५०० ग्रॅमच्या पनेटचं, म्हणजे झाकणाच्या छोट्या प्लास्टिक डबीचं, पेटी ५ किलोची. लोकल मार्केटच्या किंवा ट्रकने जवळच्या देशात जाणाऱ्या मालाला इतकं सगळं लागत नाही.

कागदपत्रांचं आधी आटपून घेऊ. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे आणि अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर झालेली हवी. खुड्याआधी, म्हणजे घड तोडण्याआधी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो आणि औषधांचे उर्वरित अंश तपासले जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हापासून या रिपोर्टकडे कुणी हलक्यात बघत नाही. रिपोर्ट आल्याशिवाय कात्री चालवायची नाही. पुढे अ‍ॅगमार्क आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचा, दाखला लागतो. ही कामं पॅकहाऊसमधला अनुभवी कारकून बिनचूक करतो. माल बिघडतो तो इतर ठिकाणी.

खुड्याच्या दिवशी पहिली तपासणी गोडीची. द्राक्ष वेलीवरून तोडल्यावर पिकत नाही, जी गोडी तोडताना आहे तीच शेवटपर्यंत राहते. घडाचे वरचे खांदे आधी गोड होतात आणि शेंडा मागे राहतो. त्यामुळे गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर वरचा मणी पिळून १८ ब्रिक्स (गोडीचं माप) दिसलं म्हणून खुडा सुरू केला तर फसगत होते. आम्ही एका घडाचे तीन मणी घेतो, वरचा, मधला आणि शेंड्याचा, आणि निर्णय शेंड्याच्या मण्यावर करतो. शेंडा १६ च्या खाली असेल तर चार दिवस थांबायचं. कच्चा घड थंडीतही नीट टिकत नाही, त्याचा देठ कोवळा असतो आणि लवकर सुकतो.

खुड्याची वेळ अगदी अरुंद असते. पहाटेचं दव वाळल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही, कारण ओला घड पेटीत गेला तर बुरशीला घर मिळालं. आणि ऊन चढल्यावरही तोडायचं नाही. म्हणजे साधारण आठ-साडेआठ ते अकरा. जानेवारीत निफाडकडे थंडी कडक पडते तेव्हा दव नऊपर्यंत हटत नाही, त्या दिवशी माल कमी निघतो आणि तो तसाच कमी निघू द्यायचा. दुपारी दोनपर्यंत ताणलेला खुडा म्हणजे १०-१२ अंशांची जादा गरमी विकत आणणं. ती पुढे डिझेल आणि वीज जाळून काढावी लागते आणि तोवर देठाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की फळाचा श्वसनाचा वेग दोन ते तीन पट होतो. पण द्राक्षात खरा फटका बसतो तो पाण्याचा. मण्यावर मेणाचा थर असतो, देठाला तसं कवच नसतं. घडातून वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास पाणी उडालं की हिरवा देठ तपकिरी दिसायला लागतो, आणि युरोपातला खरेदीदार मण्याच्या आधी देठच बघतो.

पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांचे हात या कामात तयार असतात. तरी पहिल्या दिवशी दोन गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतात. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, बोट लागलं की पांढुरकी लव पुसली जाते आणि मणी चकचकीत, शिळा दिसतो. दुसरं, फुटका किंवा डागी मणी ओढून काढायचा नाही, बारीक कात्रीने त्याच्या छोट्या देठासकट कापायचा. ओढला की मण्याच्या आतला रस देठाच्या टोकाला लागून राहतो आणि करड्या बुरशीची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. ही बुरशी, बोट्रायटिस, ० अंशावरही मरत नाही, फक्त हळू वाढते. थंडीवर सगळं सोडून चालत नाही ते यासाठी.

क्रेटमध्ये खाली बबलशीट, त्यावर घडांचा एकच थर, देठ वर. क्रेट मांडवाखालीच सावलीत ठेवायचे. बांधावर उन्हात रचलेली थप्पी अर्ध्या तासात किती तापते हे सुई घालून बघितलं की टोळीतल्या बायकांनाही पटतं, वेगळं सांगावं लागत नाही. गाडीवर ताडपत्री घट्ट न बांधता वर हवा खेळेल इतकी मोकळी. कच्च्या रस्त्यावर सावकाश. तोडल्यापासून पॅकहाऊसच्या दारात येईपर्यंत चार तासांच्या वर जाऊ नये, आणि पेटीत भरून प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट गार करायच्या खोलीत, जाईपर्यंत सहा तासांच्या वर.

पॅकिंग हॉल आम्ही १८ ते २० अंशांवर ठेवतो. याहून गार का नाही, असं नवीन माणूस विचारतो. काम करणाऱ्यांना तासन्‌तास बसायचं असतं हे एक. मोठं कारण वेगळं आहे. काही ठिकाणी बागेतून आलेले क्रेट थेट कोल्डमध्ये टाकतात आणि दुसऱ्या दिवशी काढून पॅक करतात. ५ अंशांचा घड २० अंशांच्या हॉलमध्ये आला की दहा मिनिटांत त्याला घाम सुटतो. एकदा गार केलेलं फळ परत गरम हवेत आणायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. त्यामुळे जेवढा माल त्या दिवशी पॅक होईल तेवढाच तोडायचा. खुडा आणि पॅकिंग टेबलं यांचा हिशेब आदल्या रात्री जुळवावा लागतो.

टेबलावर १६, १८, २० मिलिमीटरच्या कड्यांनी मण्याची जाडी बघून प्रत ठरते. ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये १० ते १५ ग्रॅम जास्त भरायचे, वाटेत पाणी उडून वजन घटतं आणि तिथल्या काट्यावर ४९५ दिसलं तर पूर्ण लॉट कमी वजनाचा धरला जातो. पनेटचं झाकण मण्यांना टेकता कामा नये. टेकलेला मणी महिनाभर दाबाखाली राहून चिरतो.

पेटीची भोकं हा विषय खरेदीच्या वेळीच मिटवून टाकावा. पेटीच्या बाजूंची भोकं, आतल्या लायनरची, म्हणजे प्लास्टिकच्या अस्तराची, भोकं आणि पनेटची भोकं एका रेषेत येत नसतील तर प्रीकूलिंगचा पंखा कितीही मोठा असला तरी हवा आत शिरत नाही. बाजूच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्के तरी भोकं हवीत. खूप वाढवली तर पेटी ओलसर हवेत नरम पडून खालच्या थरात बसते. नवीन पेटी घेताना आम्ही एका पेटीत रिकामे पनेट भरून ती उजेडासमोर धरतो. आरपार उजेड दिसला तर हवा जाणार.

आता प्रीकूलिंग. इथे चुकलं तर पुढे सावरता येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

प्रीकूलिंगची खोली म्हणजे लहान कोल्ड स्टोरेज नव्हे. कोल्ड स्टोरेजचं मशीन गार माल गार ठेवण्यापुरतं असतं, त्यात गरम पेटी ठेवली तर तिच्या मध्यावरचा मणी गार व्हायला दीड-दोन दिवस लागतात. प्रीकूलिंगमध्ये हवा पेटीच्या बाजूने फिरवायची नसते, पेटीतून ओढायची असते. पॅलेटच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, मधे बोळ सोडायचा, बोळाच्या एका टोकाला पंखा, वरून आणि दुसऱ्या टोकाकडून ताडपत्री. पंखा बोळातली हवा खेचतो, बोळात दाब कमी होतो, आणि खोलीतली गार हवा पेट्यांच्या भोकांतून फळावरून घासत बोळात येते. ताडपत्रीला कुठे फट राहिली, पॅलेटच्या खालच्या लाकडी भागातून वाट उघडी राहिली, तर हवा तिथूनच पळते. पंखा चालू झाल्यावर हात फिरवून फटी शोधायच्या. ताडपत्री आत ओढली जाऊन ताणली गेली पाहिजे. ढिली लोंबत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

वेळेचा अंदाज असा बांधायचा. हवा ० अंशांची आणि मणी २८ चा असेल, आणि निम्म्यावर म्हणजे १४ वर यायला दोन तास लागले, तर पुढच्या दोन तासांत ७, त्यापुढच्या दोनात ३.५ आणि आठव्या तासाला १.७५. प्रत्येक टप्प्यात फरक निम्मा होतो. त्यामुळे शेवटचे दोन अंश उतरायला सगळ्यात जास्त वेळ खातात, आणि तिथेच लोक घाई करतात. सहाव्या तासाला बाहेरच्या पेटीत सुई घातली, २ दिसलं, पंखा बंद, पॅलेट बाहेर. आतल्या बाजूची पेटी तेव्हा ५ वर असते. मोजायची ती नेहमी बोळाकडची पेटी, कारण हवा तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या पेट्यांची गरमी घेऊन आलेली असते. वरच्या थरातली एक, मधली एक आणि खालची एक. तिन्ही २ च्या खाली आल्याशिवाय पंखा बंद नाही.

मशीन किती मोठं हवं यावर बरेच जण सरासरीने फसतात. १० टन द्राक्ष २८ वरून २ वर आणायचं तर, द्राक्षाची उष्माधारकता किलोमागे प्रतिअंश साधारण ३.६ किलोज्यूल धरून, सुमारे २६० युनिट उष्णता काढावी लागते. आठ तासांत भागलं तर ३२-३३ किलोवॅट, म्हणजे ९ टीआरच्या (टन रेफ्रिजरेशन, मशीनची गार करण्याची क्षमता) आसपास. कोटेशन देणारा माणूस १० टीआरचं मशीन सुचवतो आणि आकडा बरोबर वाटतो. पण वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या दोन तासांतच १४ अंश उतरायचे असतात. त्या दोन तासांत १४० युनिट, म्हणजे ७० किलोवॅट, म्हणजे २० टीआर. यात पंख्यांची गरमी, भिंती, पेट्या काही धरलेलं नाही. १० टीआरवर काय होतं ते खोलीतल्या काट्यावर दिसतं. माल आत गेल्यावर हवा ० वरून वर चढत जाते आणि कितीतरी वेळ खालीच येत नाही. हवा गरम म्हणून फळ हळू गार होतं, आणि आठ तासांचं काम चौदा तासांवर जातं. तेवढ्यात दुसऱ्या दिवशीचा खुडा दारात येऊन उभा. मशीन लहानच असेल आणि बदलणं शक्य नसेल तर एका वेळी अर्धाच माल घ्यावा. दोन अर्ध्या बॅचेस मिळून एका पूर्ण बॅचइतकाच वेळ लागला तरी पहिला अर्धा माल लवकर सुटतो.

फळ गार झाल्यावर लगेच पंखा थांबवायचा. जोराची हवा पुढे फक्त देठ वाळवते.

यानंतर ग्रेप गार्ड, म्हणजे सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड. क्रम इथे फार महत्त्वाचा. प्रीकूलिंगला जाताना पेटीतला लायनर उघडा असतो आणि पॅड घातलेला नसतो. माल २ च्या खाली आला की त्याच थंड खोलीला लागून असलेल्या, ५-७ अंशांच्या जागेत पॅड ठेवायचा, लायनर मिटायचा, पेटी बंद करायची. पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ते पेटीतली ओल शोषून वायू सोडतं. दुहेरी पॅडमध्ये एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर वायू देऊन मण्यावरचे बुरशीचे बीजाणू मारतो, दुसरा थर पुढचे कित्येक आठवडे थोडा थोडा वायू देत राहतो.

पॅड गरम पेटीत घातला तर काय होतं हे पेटी उघडून बघण्यासारखं आहे. गरम फळातून वाफ निघते, लायनर मिटलेला असल्यामुळे ती बाहेर जात नाही, आणि पॅडच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे पाण्याचे थेंब धरतात. पंधरा दिवसांचा वायू दोन दिवसांत सुटतो. मण्याच्या देठाजवळ, जिथे मणी देठाला चिकटलेला असतो तिथे, आधी पांढरट कडं उमटतं, मग ते खाली पसरतं आणि मणी उकडल्यासारखा फिका दिसतो. चव बिघडते ती वेगळीच. शिवाय पुढच्या तीन आठवड्यांसाठी पॅडमध्ये काही शिल्लकच राहत नाही, म्हणजे एकाच चुकीने आधी डाग आणि नंतर बुरशी, दोन्ही. युरोपात ताज्या द्राक्षातल्या सल्फाइटची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे, ती ओलांडली जाण्याची भीतीही यातच. पॅड उलटा ठेवण्याची चूकही होते. कोणती बाजू फळाकडे हे बनवणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणून पाकिटावरचं चित्र टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेवतो. उघडं पाकीट रात्रभर हॉलमध्ये राहिलं तर ते पॅड दुसऱ्या दिवशी वापरायचे नाहीत. हवेतल्या ओलीने त्यांचं काम आधीच सुरू झालेलं असतं.

कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही खोली ० ते –०.५ अंशावर आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवतो. –२ च्या आसपास देठ गोठायची भीती सुरू होते, म्हणून कॉइलसमोरचा, म्हणजे मशीनच्या थंड नळ्यांसमोरचा, कोपरा सगळ्यात धोक्याचा. सेन्सर दोन हवेत, एक कॉइलच्या तोंडाशी आणि एक दाराजवळच्या सगळ्यात उबदार जागी. एकच सेन्सर खोलीच्या मध्यावर असेल तर दोन्ही टोकांचं काही कळत नाही. सेन्सर बरोबर आहे का हे बघायला कुठलं मोठं उपकरण लागत नाही. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांचा घट्ट काला थर्मासमध्ये करायचा, सेन्सर त्यात दोन-तीन मिनिटं बुडवून ढवळायचं. ० दिसलं पाहिजे. ०.७ दिसलं तर तेवढा फरक लिहून सेन्सरवर चिकटवायचा. सुईच्या थर्मामीटरची ही परीक्षा हंगामात दर सोमवारी.

आर्द्रता टिकवण्याचं गुपित कॉइलच्या आकारात असतं. कॉइल मोठी असली तर ती खोलीपेक्षा ३-४ अंशांनीच गार ठेवून भागतं आणि हवेतली ओल फारशी ओढली जात नाही. लहान कॉइल ८-१० अंशांनी गार ठेवावी लागते, मग खोलीतलं पाणी तिच्यावर बर्फ होऊन बसतं आणि ते पाणी शेवटी देठातूनच आलेलं असतं. डिफ्रॉस्टच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवल्यावर पाणी जाणाऱ्या, नळीतून रोज किती पाणी बाहेर पडतं यावर नजर ठेवावी. अचानक वाढलं तर दार उघडं राहतंय किंवा दाराचं रबरी गॅस्केट फाटलंय. पॅलेट भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर लांब, एकमेकांत चार बोटांची फट, आणि छताजवळ कॉइलची हवा पलीकडे जाईल इतकी मोकळी जागा. या खोलीत दुसरा कुठलाही माल ठेवायचा नाही, सल्फरचा वायू इतर भाजीपाल्याला सोसत नाही.

वीज गेल्यावर बंद, भरलेली खोली काही तास तग धरते. त्या वेळात सगळ्यात मोठं नुकसान करतो तो आत काय झालंय बघायला दार उघडणारा माणूस. जनरेटर आठवड्यातून एकदा पूर्ण लोडवर चालवून बघावा. रिकामा चालवलेला जनरेटर कॉम्प्रेसर सुरू होताना बंद पडतो.

आता कंटेनर. रीफर, म्हणजे थंडीचं मशीन असलेला, कंटेनर फळ गार करत नाही, गार फळ गार ठेवतो. त्याची हवा खालून टी आकाराच्या पट्ट्यांच्या जमिनीतून दाराकडे जाते, पॅलेटमधून वर चढते आणि छतालगत परत मशीनकडे येते. प्रीकूलिंगसारखी ती पेटीतून जोराने ओढली जात नाही. ४ अंशांवर भरलेला माल वाटेत –०.५ होईल ही आशा ठेवू नये. महिन्यातले कित्येक दिवस तो २-३ वरच काढतो आणि पोचेपर्यंत पेटीत कापसासारखी बुरशी दिसते.

कंटेनर आल्यावर आधी त्याचा प्रवासपूर्व तपासणीचा कागद. मग एक माणूस आत उभा करून दार बाहेरून बंद करायचं. आतून कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत. मासळीचा किंवा कांद्याचा वास आला तरी परत. जमिनीच्या पट्ट्यांत मागच्या मालाचा कचरा, पुठ्ठ्याचे तुकडे अडकलेले असतात ते काढायचे. सेट पॉइंट, म्हणजे मशीनला लावून दिलेलं तापमान, –०.५, ताज्या हवेची खिडकी तासाला १५ घनमीटर. ही खिडकी चुकून पूर्ण उघडी राहिली तर नाव्हा-शेव्याची दमट हवा सतत आत येते आणि कॉइल बर्फाने बंद होते.

भरताना मशीन बंद ठेवायचं, हेही लोकांना उलटं वाटतं. दार उघडं ठेवून मशीन चालवलं की ते बाहेरची गरम, दमट हवा ओढतं आणि कॉइलवर बर्फ धरतो. कंटेनर आधी गार करून ठेवायचा की नाही, हे डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, अवलंबून. डॉक बंदिस्त, गार आणि कंटेनरच्या तोंडाशी सीलबंद असेल तर जरूर करावा. उघड्यावर भरायचं असेल तर करू नये. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १८ च्या वर असतो, गार भिंती क्षणात ओल्या होतात आणि ते पाणी पेट्यांवर ठिबकतं.

चाळीस फुटी कंटेनरात २० पॅलेट बसतात, पॅलेट १ बाय १.२ मीटरचे. एका बाजूला ९ आडवे, दुसऱ्या बाजूला ११ उभे. प्रत्येक पॅलेटच्या वरच्या, मधल्या पेटीत सुई घालून आकडा पत्रकावर लिहायचा, ०.५ च्या वर गेलेला पॅलेट आत जात नाही, तो परत कोल्डमध्ये. पूर्ण भराई पाऊण तासात. छताजवळच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी जाऊ द्यायची नाही, नाहीतर परत जाणाऱ्या हवेची वाट बंद. भरून झाल्यावर दाराजवळ साधारण अर्धा मीटर जमीन उघडी राहते. ती पुठ्ठ्याने झाकली नाही तर खालची हवा पॅलेटमधून वर न चढता त्या मोकळ्या जागेतून सरळ वर जाऊन मशीनकडे परतते. दहा रुपयांचा पुठ्ठा, पण शेवटच्या चार पॅलेटचं नशीब त्यावर असतं. वाटेतलं तापमान नोंदवणारे डेटा लॉगर तीन ठेवतो, मशीनजवळ, मध्यात आणि दाराकडच्या शेवटच्या पॅलेटच्या वरच्या पेटीत. एकच ठेवायचा असेल तर दाराकडचा.

दार लागलं, सील झालं की ट्रेलरवरचा जनरेटर सुरू आणि कसारा घाटातून नाव्हा-शेवा, दोनशे किलोमीटरच्या आसपास. निघताना डिझेलची टाकी पूर्ण आणि ड्रायव्हरला एकच सांगणं, की चहाला थांबलात तरी जनरेटर बंद करायचा नाही. बंदराबाहेरच्या रांगेत कधी आठ-दहा तास जातात, तिथे डिझेल संपण्याचे प्रकार सगळ्यात जास्त. पुढच्या २४ तासांत कंटेनरची परतीची हवा किती दाखवते ते शिपिंग लाइनकडून मागवून घ्यावं. जाणारी हवा –०.५ आणि परतीची ०.५ च्या आत असेल तर सगळं ठीक. परतीची २.५ वर अडकली असेल तर माल गरम भरला गेलाय.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. सव्वातीन आठवड्यांच्या हिशेबाने निवडलेला पॅड त्या वेळी अपुरा पडला. तेव्हापासून आम्ही पॅडच्या हळू सुटणाऱ्या थराची मुदत आधी विचारतो आणि किंमत नंतर.

तिकडून फोटो येतात तेव्हा ते उलट वाचता आले पाहिजेत. देठ सगळीकडे तपकिरी पण बुरशी नाही, तर तोडणी ते प्रीकूलिंग यात वेळ गेला. देठाशी पांढरी कडी आणि लायनर आतून ओला, तर पॅड गरम मालात पडला किंवा डॉकवर माल घामेजला. बुरशी फक्त दाराकडच्या पॅलेटमध्ये, तर पुठ्ठा नव्हता किंवा गॅस्केट गळतंय. सगळ्या पॅलेटच्या वरच्याच थरात, तर लाल रेषा ओलांडली. एका पेटीत एकाच पनेटात बुरशीचा गोळा आणि बाकी स्वच्छ, तर टेबलावर एक फुटका मणी नजरेतून सुटला.

पण फोटोवर विसंबून राहायला लागू नये म्हणून प्रत्येक लॉटच्या दोन पेट्या आम्ही आमच्याच कोल्डमध्ये मागे ठेवतो, त्याच पॅडसह, त्याच लायनरमध्ये, लॉट नंबर लिहून. पहिली पेटी पंधराव्या दिवशी उघडायची, दुसरी जहाज रॉटरडॅमला लागेल त्या दिवशी. आमची पेटी स्वच्छ आणि तिकडची खराब, तर बिघाड कंटेनरात किंवा वाटेत, आणि लॉगरची नोंद काढून क्लेम करायचा. दोन्ही सारख्याच खराब, तर दोष आपल्या टेबलावर किंवा प्रीकूलिंगमध्ये, आणि त्या दिवसाचं तापमानाचं पत्रक काढून बसायचं. पेटीवर तारीख, बोळाकडच्या पेटीचा शेवटचा आकडा आणि पॅड घातल्याची वेळ मार्करने लिहिलेली असते. शाई ओलीने पसरू नये म्हणून ती झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायची.